पंगतीतला सरदार

"मी 'मॅक्बेथ' नाटकात काम केले आहे," असे म्हटले की समोरचा माणूस सावरून बसतो. "अरे वा! कोणाचे?" मी सांगतो, "रॉसचे." मग तो पुन्हा होता तसा रेलून बसतो. नाटक वाचलेले असेल तर म्हणतो, "हां हां, तो सरदारांपैकी एक." वाचलेले नसेल तर विषय बदलतो. त्या बिचाऱ्यांना मी दोष देत नाही. ही भूमिका वाट्याला आली तेव्हा माझेही तोंड असेच उतरले होते.

गोष्ट १९६८ सालची. आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात इंग्रजीच्या सरांनी 'मॅक्बेथ' बसवायचे ठरवले. भाषांतर त्यांचे आणि काटछाटही त्यांचीच. मला हवा होता मॅकडफ, कारण शेवटी जुलमी राजाचे मुंडके घेऊन येतो तो मॅकडफ. पण सरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, "तू रॉस. वाईट वाटून घेऊ नकोस. या नाटकात भलेभले मरतात. रॉस मरत नाही."

प्रयोगाला माझी आई आली होती. शेक्सपिअर हे नाव तिने त्या दिवशी प्रथमच ऐकले असावे, पण नाटक मात्र तिने कीर्तन ऐकावे तसे कान देऊन पाहिले. घरी परतताना टांग्यात ती म्हणाली, "तू सगळीकडे होतास की रे! राज्याभिषेकाला निघालास, पंगतीला बसलास, त्या बाईच्या घरीही गेलास. मग राजाने खून केलेत हे तुला ठाऊक नव्हते?"

मी म्हणालो, "आई, ते माझ्या भाषणात नव्हते."

ज्यांना नाटक ठाऊक नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. स्कॉटलंडचा पराक्रमी सेनापती मॅक्बेथ लढाई जिंकून परत येत असताना त्याला तीन चेटकिणी भेटतात आणि 'तू राजा होशील' असे भाकीत करतात. घरी बायको त्या निखाऱ्यावर फुंकर घालते. राजा डंकन त्यांच्याकडे पाहुणा म्हणून उतरतो आणि त्याच रात्री झोपेत मारला जातो. मॅक्बेथ गादीवर बसतो. मग बँको या जुन्या मित्राचा त्याला संशय येतो, म्हणून बँको जातो. मॅकडफ इंग्लंडला निसटतो, म्हणून त्याची बायकामुले जातात. शेक्सपिअरच्या शोकांतिकांत ही सर्वांत आटोपशीर. एका खुनातून दुसरा निघतो आणि मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

इतिहासातला मॅक्बेथ मात्र असा नव्हता, हे त्या बिचाऱ्याच्या वतीने सांगितले पाहिजे. १०४० साली त्याने डंकनला मारले ते लढाईत, अंथरुणात नव्हे. नंतर त्याने सतरा वर्षे राज्य केले. १०५० साली तो रोमच्या यात्रेलाही जाऊन आला. गादी डळमळीत असलेला राजा एवढ्या लांब यात्रेला जात नाही. पण शेक्सपिअरने हे नाटक १६०६ च्या सुमारास लिहिले तेव्हा इंग्लंडच्या गादीवर मूळचा स्कॉटलंडचा राजा जेम्स होता आणि त्याचे घराणे आपले मूळ बँकोपर्यंत नेत असे. शेक्सपिअरने ज्या बखरीवरून कथा घेतली तीत बँको हा खुनाच्या कटात सामील आहे. नाटकात तो धुतल्या तांदळासारखा झाला. दरबारी कवींना अशी धुलाई करावीच लागते.

आपल्याकडे हा राजा पुष्कळ आधीच आला. शिवराम महादेव परांजपे यांनी त्याला 'मानाजीराव' केले. पुढे १९५४ साली शिरवाडकरांचे 'राजमुकुट' आले आणि त्यात नानासाहेब फाटक आणि दुर्गाबाई खोटे यांनी कामे केली. मराठी प्रेक्षकाला या नाटकाचा शेवट समजावून सांगावा लागत नाही, याचे कारण हिरण्यकशिपू. बर्नमचे जंगल चालत डन्सिनेनच्या टेकडीवर येईपर्यंत तू हरणार नाहीस, आणि स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणीही तुला मारू शकणार नाही, असे दोन दिलासे मॅक्बेथला मिळतात. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, असल्या वरांचे पुढे काय होते हे आपल्याकडे शाळेत न गेलेले पोरही सांगेल. इकडे खांब फुटतो, तिकडे सैनिक झाडांच्या फांद्या तोडून त्यांच्या आडून चालत येतात आणि जंगल चालल्याचा भास होतो. मॅकडफ तर आईचे पोट फाडून काढलेला निघतो. आमच्या प्रयोगात कोणी अतिशहाण्याने शेवग्याच्या फांद्या आणल्या होत्या. शेवग्याचे लाकूड किती ठिसूळ असते ते सर्वांना माहीत आहे. ऐन चढाईत अर्धे बर्नम रंगमंचावर कडाकड मोडून पडले आणि विंगेतल्या मुलींनी शेंगा गोळा केल्या.

पण मॅक्बेथ जंगलामुळे पडला, असे मला वाटत नाही. तो पडायला लागतो तो पंगतीत, आणि तिथे मी हजर होतो.

राजा झाल्यावर मॅक्बेथ सरदारांना मेजवानी देतो. आरंभीच तो म्हणतो की ज्याचा त्याचा मान ज्याला त्याला ठाऊक आहे, त्याप्रमाणे बसून घ्या. इकडे बँकोचा खून होऊन घटकाही उलटलेली नसते. राजा आपल्या जागेकडे वळतो तो तिथे रक्ताने माखलेला बँको बसलेला. दुसऱ्या कोणाला तो दिसत नाही. राजा रिकाम्या खुर्चीशी बोलू लागतो, 'मी हे केले असे तू म्हणू शकत नाहीस' अशा अर्थाचे काही तरी ओरडतो. तेव्हा पहिला उठतो तो रॉस. महाराजांची प्रकृती ठीक नाही, मंडळी, उठा, असे तो म्हणतो. राणी सर्वांना पुन्हा बसवते. भूत जाते आणि परत येते. राजा म्हणतो, असली दृश्ये पाहून तुमच्या चेहऱ्यावरचा रंग कसा उडत नाही? त्यावर रॉस विचारतो, कसली दृश्ये, महाराज? राणी घाईघाईने सर्वांना बाहेर काढते आणि सांगते, मानाचा क्रम पाहत बसू नका, ताबडतोब निघा.

मानाप्रमाणे बसा, अशी सुरू झालेली पंगत मानाचा विचार न करता निघा, अशी मोडली. राज्य म्हणजे तरी दुसरे काय? कोणी कुठे बसायचे याबद्दल सर्वांनी केलेला करारच ना? तो त्या रात्री फाटला, आणि तो फाटलेला प्रत्येक सरदाराने डोळ्यांनी पाहिला. त्याच रात्री मॅक्बेथ बायकोला सांगतो की, ज्याच्या घरी माझा पगारी माणूस नाही असा एकही सरदार नाही. म्हणजे आता राजाला सरदारांची निष्ठा नको, बातमी हवी. तरीही सरदार घरी जातात, जेवतात, झोपतात.

पुढचा प्रवेश मॅकडफच्या घरचा. तालमीत मला हा प्रवेश अगदी फालतू वाटे. मॅकडफ न सांगता इंग्लंडला गेला म्हणून त्याची बायको संतापली आहे, आणि नात्यातला रॉस तिची समजूत घालायला आला आहे. दिवस वाईट आहेत, आपण कधी राजद्रोही ठरलो हे आपले आपल्यालाच कळत नाही, यापुढे बोलायची माझी छाती नाही, असे तो सांगतो. मग म्हणतो की आणखी थांबलो तर मला रडू येईल, ते मलाही शोभणार नाही आणि तुम्हालाही जड जाईल. आणि जातो. थोड्याच वेळात एक अनोळखी माणूस धापा टाकत येतो आणि मुलांना घेऊन पळा म्हणून सांगतो. त्याच्या पाठोपाठ मारेकरी येतात. जीव धोक्यात घालून आलेल्या त्या माणसाला नाटकात नावही नाही. नाव आहे ते रॉसला.

मग तो इंग्लंडला पोहोचतो. मॅकडफ विचारतो, माझी पत्नी कशी आहे? रॉस सांगतो, ठीक आहे. मुले? तीही ठीक आहेत. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर खरे सांगतो. सर म्हणत, "हे 'ठीक आहे' दोनदा येते. दोन्ही वेळा वेगळे म्हण." मी दोन्ही वेळा सारखेच म्हणालो. मला तेव्हा फरक ठाऊक नव्हता.

तो कळायला पंधरा वर्षे लागली. मी ज्या कचेरीत होतो तिथे एक साहेब आले. त्यांचे नाव घेत नाही. चहाच्या टपरीवर कोण कोणाशी बोलले हे शिपायांकडून त्यांना संध्याकाळपर्यंत कळत असे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मित्राने एका खोट्या हजेरीपटावर सही करायला नकार दिला. आठ दिवसांनी त्याच्या निलंबनाचा कागद तयार झाला. तो माझ्याच टेबलावरून पुढे गेला. मित्र दौऱ्यावर होता. मी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पोहे केले. त्यांचा लहान मुलगा मला गणिताची वही दाखवत होता. वहिनींनी विचारले, "कचेरीत सगळे ठीक आहे ना? हे हल्ली नीट झोपत नाहीत."

मी म्हणालो, "ठीक आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा म्हणालो, "सगळे ठीक आहे." आणि चहा न घेताच उठलो.

जिन्यात मला ते वाक्य आठवले. सर म्हणाले होते तसे दोन्ही वेळचे 'ठीक' वेगळे लागले होते.

रोमान पोलान्स्कीच्या १९७१ सालच्या चित्रपटात रॉसला सरळ खलनायक केले आहे. बँकोला मारणाऱ्यांत तो आहे, आणि मॅकडफच्या वाड्याचा दरवाजा मारेकऱ्यांसाठी उघडा ठेवतो तोही तोच. चित्रपट उत्तम आहे, पण हे मला पटत नाही. रॉस दुष्ट ठरला की पाहणारा सुटतो. शेक्सपिअरने त्याला दुष्ट केलेले नाही. त्याला रडू येते, आणि ते खरे आहे.

अखेरच्या अंकात मॅक्बेथ किल्ल्यात एकटा आहे. सरदार एकेक करून पळताहेत. भीतीने पांढराफटक पडलेला एक पोरगा शत्रू आल्याचे सांगायला येतो, त्याला तो शिव्या घालतो. चिलखत चढवा म्हणतो, मग काढा म्हणतो. म्हातारपणी माणसाला जे लाभावे, मान, माया, मित्रांची गर्दी, त्यातले आपल्याला काही मिळणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसते. बायको मेल्याची बातमी येते तेव्हा त्याच्यापाशी दुःखही उरलेले नाही. राणीवर उपचार करणारा वैद्य मनात म्हणतो की इथून एकदा सुटलो तर कितीही पैसे दिले तरी परत येणार नाही. आणि किल्ला? तो जवळपास न लढताच हाती येतो. राजाची माणसे दोन्ही बाजूंनी लढत असतात. तलवार मॅकडफची लागली खरी, पण तोवर राजाजवळ कोणी राहिलेच नव्हते. ते सारे लोक पंगतीच्या रात्रीच उठले असते तर मॅकडफची मुले वाचली असती.

आमचे साहेबही गेले. वरून चौकशी आली, एकाने तोंड उघडले आणि मग सर्वांनी उघडले. मीही जबानी दिली, आणि चांगली दिली. मित्र कोर्टकचेरी करून चार वर्षांनी कामावर परत आला. वहिनी माझ्याशी नेहमीसारख्याच बोलत, फक्त त्यांच्या घरी पुन्हा पोहे खाण्याचा योग आला नाही. त्या चौकशीनंतर झालेल्या फेरबदलात मला बढती मिळाली.

नाटकाच्या शेवटी नवा राजा माल्कम सर्व सरदारांना अर्ल हा किताब देतो. स्कॉटलंडातले ते पहिले अर्ल. रॉस त्या रांगेत उभा असतो. मॅकडफ मुंडके घेऊन येतो, आणि नव्या राजाच्या नावाने सर्वांनी जयजयकार करायचा असतो. आमच्या प्रयोगात तेव्हा मी सर्वांत मोठ्याने ओरडलो होतो. आवाज चांगला लागला होता, असे सर नंतर म्हणाले.