फ्रान्सचं पत्र : मुलांच्या लेखनाला लांबचा वाचक हवा

पॅरिस : उदगीरच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना मुद्दाम कळवावं अशी एक गोष्ट इथे आहे. फ्रान्समधल्या लीसेत, म्हणजे साधारण दहावी ते बारावीच्या शाळेत, विद्यार्थ्यांना स्वतःचं नियतकालिक काढून वाटायला कुणाची आगाऊ परवानगी लागत नाही. 1991 पासून तो त्यांचा हक्क आहे. मात्र कुणाची बदनामी केली, कुणाची खासगी बाब चव्हाट्यावर आणली, तर जबाबदारी लिहिणाऱ्याची. प्रकरण गंभीर असेल तर मुख्याध्यापक अंकाचं वाटप थांबवू शकतात.

हक्क मोलाचाच. पण मला त्याहून मोठी वाटते ती इथली अंकांची देवाणघेवाण. तिचं बरंचसं श्रेय सेलेस्तँ फ्रेने या गुरुजींना जातं. पहिल्या महायुद्धात त्यांच्या छातीला जखम झाली, फुप्फुस अधू झालं. फार वेळ बोलून शिकवणं जमेना. दक्षिणेकडच्या बार-सुर-लू या डोंगरातल्या गावी 1924 मध्ये त्यांनी वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं घरचं, रस्त्यावरचं, शेतातलं लिहीत. त्यातला एक मजकूर वर्ग निवडी, सगळे मिळून तो नीट करत आणि मग मुलंच शिशाचे खिळे जुळवत. जुळवलेली ओळ उलटी वाचावी लागे, त्यामुळे एकेका अक्षरावर नजर ठरे. छापलेली पानं टपालाने जात ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीतल्या शाळेत. तिथली मुलं समुद्राकाठची. डोंगरातलं त्यांना ठाऊक नाही, म्हणून ती प्रश्न विचारत. उत्तर द्यायचं तर आपलंच गाव पुन्हा नीट बघावं लागे.

आज खिळे गेले, संगणक आला. शिक्षण खात्याची क्लेमी ही संस्था 1983 पासून शाळांतल्या अशा उपक्रमांना हात देते. जे दांक्र ही संघटना ठिकठिकाणच्या विद्यार्थी-संपादकांची एकमेकांशी गाठ घालून देते.

आपल्याकडे लिहिणाऱ्या मुलांचा तुटवडा नाही. एप्रिल 2022 मध्ये 95वं साहित्य संमेलन उदगिरातच भरलं होतं. भित्तिपत्रकं निघतात, महाविद्यालयांचे वार्षिक अंकही निघतात. पण ते वाचतात कोण? तेच गुरुजी, तेच वर्गमित्र. किल्ला, सोयाबीनचं रान, बाजारात कानावर पडणारी मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, हे सगळं त्यांना माहीतच असतं. मग मुलगा ते लिहीतच नाही. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. पाणी पाठवणाऱ्या गावातल्या आणि ते घागरीत भरून घेणाऱ्या गावातल्या मुलांनी तेव्हा एकमेकांना काय काय लिहिलं असतं!

अजून वेळ गेलेली नाही. उदगिरातल्या एका तरी शाळेने या जूनमध्ये मुलांचा ब्लॉग सुरू करावा, ते जमत नसेल तर चार पानी हस्तलिखित काढावं; आणि पहिला अंक निघण्याआधीच मिरज, रत्नागिरी किंवा शेजारच्या बीदरमधली एक शाळा वाचक म्हणून ठरवून ठेवावी.