मनीचे पिल्लू मलूल झाले तर

गेल्या पावसाळ्यात शेजारची मुलगी तीन महिन्यांचे पिल्लू टॉवेलात गुंडाळून माझ्या दवाखान्यात आली. "डॉक्टरकाका, परवापासून खात नाही, सारखं ओकतंय." पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसते, पीत मात्र नाही, असेही म्हणाली.

मी माणसांचा डॉक्टर. पण मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. जुलाब झालेल्या बाळांत दिसतो तोच हा शोष. हिरड्या पांढुरक्या, अंग गार.

आदल्या रात्री अंग गरम लागले म्हणून आईने पॅरासिटामॉल कुटून ठेवली होती. सुदैवाने दिली नव्हती. मांजराचे अंग मुळात १०० ते १०२ फॅरनहाइट असते, हाताला गरमच लागते. आणि ही गोळी त्याला विषच! हिरड्या तपकिरी पडतात, श्वास कोंडतो, जीव जातो.

तडक गुरांच्या दवाखान्यात धाडले. निदान झाले पॅनल्यूकोपेनियाचे. लस टोचलेली नव्हती. सलाइन लावूनही तिसऱ्या दिवशी पिल्लू गेले. हा आजार माणसाला होत नाही, पण विषाणू घरात वर्षभर टिकतो. त्या मुलीला दुसरे पिल्लू हवे आहे. आधी लस, मग घरात, असे मी तिला बजावले आहे.