48 तास आवळून ठेवलेला बोल्ट

चाकणच्या असेंब्ली लाइनवर वाहनाला बसणाऱ्या बोल्टच्या माथ्यावर 8.8, 10.9 किंवा 12.9 असा आकडा उठवलेला असतो. त्यातल्या पहिल्या संख्येला शंभराने गुणले की त्या पोलादाची ताण सोसण्याची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते. 12.9 च्या पोलादाचा एक चौरस मिलिमीटर छेद तुटण्याआधी सुमारे 120 किलो वजन पेलतो. साहजिकच डिझाइन करणाऱ्याला सर्वांत मोठा आकडा सर्वांत सुरक्षित वाटतो. माझ्या मते मटेरियल निवडीतली मोठी चूक इथेच होते. पोलाद किती ताकदीचे आहे याआधी ते कशाने दगा देते, हे विचारले पाहिजे.

12.9 चा शत्रू आहे हायड्रोजन. गंज लागू नये म्हणून बोल्टला झिंक प्लेटिंग करतात. त्याआधी आम्लात बुडवून तो साफ करतात. या दोन्ही पायऱ्यांत हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात. बोल्ट आवळला की ते जास्तीत जास्त ताणाच्या जागी, माथ्याखाली किंवा पहिल्या आट्याशी, हळूहळू गोळा होतात. काही तासांनी, कधी दिवसांनी, कोणी हातही न लावता माथा तुटून पडतो. तुटलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खडीसाखरेसारखा दिसतो, कारण पोलाद कणांच्या सांध्यांतून उकललेले असते. हाच बोल्ट यंत्रात ओढून तोडला तर बहुधा पास होतो. ती चाचणी काही मिनिटांत उरकते आणि हायड्रोजनला गोळा व्हायला तेवढा वेळ पुरत नाही. सर्टिफिकेट खरे असते, पण प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर मार्च 2013 मध्ये उच्च ताकदीचे 96 गॅल्व्हनाइज्ड रॉड आवळले आणि दोन आठवड्यांत त्यांतले 32 तुटले. तिथे हायड्रोजन मुख्यतः रॉडभोवती साचलेल्या पाण्यामुळे आला, पण मोडण्याची तऱ्हा हीच.

कमी ताकदीचा बोल्ट घेतला तर वजन वाढेल, हा आक्षेप रास्त आहे. पण हिशेब करून पाहावा. 10 मिमीच्या 12.9 ऐवजी 12 मिमीचा 10.9 घेतला, तर तो उलट जास्तच भार घेतो आणि वजन काही ग्रॅमच वाढते. शिवाय धोका साधारण 390 विकर्सच्या पुढच्या कठीणपणात गंभीर होतो; 10.9 त्याच्या खाली राहतो. इंजिनात तेवढी जागाच नसेल, तर 12.9 घ्यावा, पण आम्लाऐवजी शॉट ब्लास्टिंगने साफ करून त्यावर झिंक फ्लेकचा थर द्यावा. त्यात विजेचे प्लेटिंग नसते. दुसरा आक्षेप भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपचा: हा दोष पकडणाऱ्या चाचणीला पैसा कुठून आणायचा? मोठ्या चाचण्यांसाठी 1966 पासून पुण्यात एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था आहे, तिचे केंद्र चाकणलाही आहे. पण या दोषासाठी तिथवर जाण्याची गरज नाही. जाड, कठीण पोलादाची भोके पाडलेली प्लेट आणि टॉर्क रेंच एवढ्यावर काम भागते. लॉटमधले नमुने आवळायचे, किमान 48 तास तसेच ठेवायचे आणि तुटले का ते पाहायचे. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत सुमारे 200 अंश सेल्सिअसला बेकिंग सुरू करून हायड्रोजन बाहेर काढणे हाही उपाय आहे, पण त्याने हमी मिळत नाही. म्हणून प्लेटिंग केलेल्या 12.9 च्या लॉटसोबत बेकिंग सुरू केल्याची वेळ आणि 48 तासांच्या चाचणीचा निकाल लिहून आला नसेल, तर खरेदी विभागाने तो लॉट स्टोअरमध्ये घेऊ नये.