वृद्धांसाठी सुरक्षित व उचित औषधयोजना : एक विवेचन

प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के इतकी होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. आयुर्मान वाढले, ही आनंदाची बाब होय. परंतु वाढत्या वयाबरोबर मधुमेह, उच्च रक्तदाब, संधिवात, हृदयविकार असे दीर्घकालीन आजार एकाच शरीरात वस्तीस येतात आणि प्रत्येक आजारागणिक औषधांची संख्या वाढत जाते. पाच किंवा त्याहून अधिक औषधे नियमित घेतली जात असल्यास त्यास सामान्यतः बहुऔषधयोजना असे संबोधले जाते.

घरातील वृद्ध व्यक्ती अडखळू लागली, विसरू लागली किंवा दिवसा पेंगू लागली, की ‘आता वय झाले’ असे म्हणून ते मान्य केले जाते. वस्तुतः यांपैकी काही लक्षणे वयाची नसून औषधांची असतात आणि म्हणूनच ती दूर करता येण्याजोगी असतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नामागील कारणे, औषधांच्या उचिततेचे निकष आणि भारतीय परिस्थितीत करावयाचे उपाय यांचे विवेचन केले आहे.

वार्धक्यात औषधांचा परिणाम का बदलतो?

वयोमानानुसार शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते व चरबीचे प्रमाण वाढते. डायझेपामसारखे चरबीत विरघळणारे औषध त्यामुळे शरीरात अधिक काळ साठून राहते. रात्री घेतलेल्या झोपेच्या गोळीचा अंमल दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. यकृताची औषधांवर प्रक्रिया करण्याची क्षमता मंदावते. मेंदूही गुंगी आणणाऱ्या औषधांना अधिक संवेदनशील होतो.

सर्वांत फसवा बदल मूत्रपिंडात घडतो. मूत्रपिंडाचे कार्य रक्तातील क्रिएटिनिनवरून जोखले जाते. क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते आणि वृद्धांचे स्नायू क्षीण झालेले असतात. त्यामुळे मूत्रपिंड दुर्बल होऊनही तपासणीचा आकडा ‘नॉर्मल’ दिसू शकतो. कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या सूत्रात १४० मधून वय वजा करून उरलेल्या संख्येस किलोग्रॅममधील वजनाने गुणतात, त्यास क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागतात आणि स्त्रियांच्या बाबतीत उत्तरास पुन्हा ०.८५ ने गुणतात. क्रिएटिनिन १.० मिलिग्रॅम असलेल्या ३० वर्षांच्या, ६० किलो वजनाच्या पुरुषाचे उत्तर मिनिटाला सुमारे ९२ मिलिलिटर येते. तेवढेच क्रिएटिनिन असलेल्या ८० वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या स्त्रीचे उत्तर मात्र सुमारे ३२ येते. अहवालातील आकडा एकच, परंतु कार्यक्षमता जवळजवळ एकतृतीयांश. मेटफॉर्मिन, डिगॉक्सिन यांसारख्या मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या औषधांची मात्रा ठरविताना हा फरक निर्णायक ठरतो.

उचिततेचे निकष

वृद्धांसाठी कोणती औषधे अनुचित ठरू शकतात, याची पहिली सुस्पष्ट यादी अमेरिकेतील डॉ. मार्क बीअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. ती मूलतः तेथील शुश्रूषागृहांतील वृद्धांसाठी होती. पुढे अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटीने तिची जबाबदारी स्वीकारली. २०२३ मध्येही तिची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. आयर्लंडमधील तज्ज्ञांनी २००८ मध्ये ‘स्टॉप’ व ‘स्टार्ट’ हे जोडनिकष मांडले. त्यांतील पहिला भाग थांबविण्याजोग्या औषधांचा, तर दुसरा आवश्यक असूनही न दिल्या गेलेल्या औषधांचा आहे. या दुसऱ्या भागाचे महत्त्व मोठे आहे. केवळ वयाकडे पाहून अस्थिठिसूळतेवरील औषध अथवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांत रक्ताची गुठळी टाळणारे औषध नाकारणे, हेही अनुचितच होय. कमी औषधे म्हणजे योग्य औषधे, असे समीकरण मांडता येत नाही.

या निकषांतील काही नोंदी भारतीय घरांत नित्य आढळणाऱ्या औषधांशी निगडित आहेत :

१) ग्लिबेनक्लामाइड : मधुमेहावरील या औषधाचा प्रभाव दीर्घकाळ टिकतो. वृद्धाने एखादे जेवण टाळले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.
२) अल्प्राझोलाम, डायझेपाम : यांमुळे तोल जाणे, पडणे व खुब्याचे हाड मोडणे यांचा धोका वाढतो.
३) क्लोरफेनिरामाइन : सर्दीच्या अनेक गोळ्यांत असणाऱ्या या घटकामुळे तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे व संभ्रम उद्भवू शकतो.
४) डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके : यांमुळे जठरात रक्तस्राव होऊ शकतो. रक्तदाबावरील काही औषधे व लघवी वाढविणारी गोळी यांच्या जोडीला ती घेतल्यास मूत्रपिंडास इजा पोहोचू शकते.
५) पॅन्टोप्राझोलसारखी आम्लपित्तावरील औषधे : सबळ कारणाशिवाय आठ आठवड्यांहून अधिक काळ घेऊ नयेत.

औषधावर औषध

एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध दिले जाते, तेव्हा औषधांची साखळी सुरू होते. पॉला रोशॉन व जेरी गुर्विट्झ यांनी १९९० च्या दशकात या साखळीकडे लक्ष वेधले. अॅम्लोडिपिनमुळे पाय सुजतात. सुजेसाठी लघवी वाढविणारी गोळी दिली जाते. त्यामुळे क्षार उतरतात आणि चक्कर येऊ लागते. चक्करीसाठी सिनारिझिन अथवा प्रोक्लोरपेराझिन दीर्घकाळ घेतल्यास हातापायांत कंप व ताठरपणा येऊ शकतो. तो कंपवात समजला गेला, तर त्यासाठी आणखी एक औषध वाढते. प्रत्येक पायरीवरील निर्णय सुटा पाहिल्यास सयुक्तिक वाटतो. दोष आढळतो तो संपूर्ण चिठ्ठी एकत्रितपणे कोणीच न पाहण्यात.

भारतीय परिस्थिती

आपल्याकडे एकाच वृद्धावर हृदयरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ व घराजवळचे डॉक्टर असे तिघे स्वतंत्रपणे उपचार करीत असतात. एकच औषध दोन निरनिराळ्या व्यापारी नावांनी चिठ्ठीत येते आणि मात्रा नकळत दुप्पट होते. एका गोळीत अनेक घटक असलेली मिश्रणेही येथे विपुल आहेत. २०१६, २०१८ व २०२४ मध्ये केंद्र शासनाने अशा अनेक मिश्रणांवर बंदी घातली. जुनी चिठ्ठी दाखवून औषध आणण्याची सवय सार्वत्रिक आहे. घरगुती व आयुर्वेदिक औषधे तर ‘औषध’ म्हणून डॉक्टरांना सांगितलीच जात नाहीत. ज्येष्ठमधाचे अधिक प्रमाणात दीर्घकाळ सेवन केल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम उतरते. डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णास ते घातक ठरू शकते.

शासकीय पातळीवर २०१० मध्ये औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला. रुग्ण व नातेवाईकही त्याच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर नोंद करू शकतात.

उपाययोजना

प्रथमतः, घरातील सर्व औषधे, त्यांत सर्दीच्या गोळ्या, मलमे, चूर्णे व काढेही, एका पिशवीत घालून वर्षातून किमान एकदा एकाच डॉक्टरांना दाखवावीत. दुसरे, प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी व किती दिवसांसाठी आहे, हे मराठीत ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. ज्याच्यापुढे कारण लिहिता येत नाही, त्याविषयी डॉक्टरांना विचारावे. तिसरे, नवे लक्षण दिसल्यास ते अलीकडे सुरू झालेल्या किंवा मात्रा बदललेल्या औषधामुळे तर नाही ना, हा प्रश्न आधी उपस्थित करावा. चौथे, नवे औषध अल्प मात्रेत सुरू करून ती हळूहळू वाढविली जावी. पाचवे, कोणतेही औषध परस्पर बंद करू नये. झोपेच्या गोळ्या, स्टेरॉइड व हृदयरोगावरील काही औषधे एकाएकी थांबविल्यास गंभीर परिणाम होतात. ती वैद्यकीय देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच कमी करावी लागतात.

महाविद्यालयांनाही या कार्यात वाटा उचलता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत विद्यार्थ्यांकडून गावातील वृद्धांच्या औषधांच्या याद्या तयार करून घेता येतील व त्या डॉक्टरांकडून तपासून घेता येतील. औषधनिर्माणशास्त्र, समाजकार्य व गृहविज्ञान या विभागांना यात परस्परपूरक भूमिका बजावता येईल.

समारोप

नवे औषध सुरू करणारे हात अनेक असतात. जुन्या औषधाची गरज संपली का, हे पाहणारा मात्र क्वचितच कोणी असतो. निकषांच्या याद्या डॉक्टरांच्या निर्णयास साहाय्यभूत आहेत, त्यास पर्याय नव्हेत. वृद्धाच्या थकव्याचा, विसराळूपणाचा वा पडण्याचा दोष वयावर टाकण्यापूर्वी त्याच्या उशाशी असलेल्या गोळ्यांची यादी एकदा तपासली जावी, इतकी अपेक्षा उचित औषधयोजनेच्या विचारातून पुढे येते. वय कमी करता येत नाही. अनावश्यक औषध मात्र कमी करता येते.