वासरं आज विकावीत की थांबावं?

अमेरिकेत नेब्रास्का, मोंटानाकडच्या रँचवर गाई बहुतेक वसंतात वितात. वासरं सहा-आठ महिन्यांची झाली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांचं दूध तोडतात. तोवर एकेक वासरू सव्वादोनशे-अडीचशे किलोंवर गेलेलं असतं. अनेक रँचवाल्यांची वर्षाची मुख्य कमाई हीच. पण सगळ्यांचा माल एकदम लिलावाला आला की भाव बहुधा पडतो. मग दीड-दोन महिने थांबून, लसी टोचून, वजन वाढवून का विकत नाहीत?

कारण थांबण्याचा हिशेब दिसतो तितका सरळ नसतो. वजन चढतं तसा पौंडाचा दर उतरतो. आईपासून नुकत्याच तुटलेल्या वासराला श्वसनाचा आजार चटकन गाठतो. मका महागतो, कर्जाचा हप्ता थांबत नाही. पण हे सगळं सारखं असलेल्या दोन शेजाऱ्यांपैकीही एक विकतो आणि दुसरा थांबतो. तिथे जोखीम सोसण्याचा स्वभाव बोलतो.

हा स्वभाव मोजण्याचा गाजलेला प्रयोग आपल्याकडचा आहे. अर्थतज्ज्ञ हान्स बिन्सवांगर यांनी इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेच्या कामातून महाराष्ट्र आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खेड्यांत खऱ्या पैशांचा छापा-काटा मांडला. एका टोकाला काहीही पडलं तरी 50 रुपये, दुसऱ्या टोकाला शून्य किंवा 200, आणि मधे पायऱ्या. 1980 साली निष्कर्ष छापून आले. रक्कम किरकोळ होती तोवर लोकांच्या निवडी विखुरलेल्या होत्या. ती वाढली तसे बहुतेक जण मधल्या, सावध पायऱ्यांवर आले. श्रीमंती-गरिबीने त्यात फारसा फरक पडला नाही!

रँचवाल्याचा डाव तर वर्षाच्या कमाईचा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी न लागण्यात शहाणपण आहेच. गंमत अशी, की सावधपणे विकणाराही आपला सगळा माल एका दिवसाच्या बोलीवर लावत असतो. म्हणून मला अर्धी वासरं विकून अर्धी राखणारे जास्त चतुर वाटतात.

भाव पडण्याच्या भीतीवर तिथे सरकारी अनुदानाचा विमा मिळतो. 2020 पासून त्याच्या हप्त्याचा 35 ते 55 टक्के भार सरकार उचलतं. मात्र हा विमा फक्त भावाचा आहे. वासरू आजारी पडलं किंवा दगावलं तर त्यातून काही मिळत नाही. ज्याला बाजारापेक्षा खोकणाऱ्या वासराची धास्ती जास्त, तो विमा असूनही ऑक्टोबरातच ट्रक भरतो.