जड काहील हलविणें व चुलवणावर बसविणें

गुऱ्हाळाचा हंगाम तोंडावर आला म्हणजे ऊस, घाणा व चिपाडें यांची चौकशी प्रत्येक शेतकरी करितो. पण काहील कशी बसली आहे हें पाहण्यास फारसा कोणी थांबत नाहीं. आम्हीही त्यांतलेच होतों. ओढ्याकाठच्या आमच्या जुन्या चुलवणाची भिंत पावसाळ्यांत ढासळली, म्हणून घराशेजारीं नवें चुलवण बांधून काहील तेथें नेली. ऊस तोडून पडलेला, गुळव्या येऊन बसलेला; तेव्हां नजरेच्या अंदाजानें काहील ठेविली व जाळ घातला. पहिल्या आधणाचा गूळ काळसर व करपट वासाचा निघाला. गुळव्यास बोल लावण्यांत अर्थ नव्हता. दोष आमचाच होता.

असें कां झालें तें हिशेबानें कळतें. आठ फूट व्यासाच्या सपाट बुडाच्या काहिलींत हजार लिटर रस घातला तर तो सुमारें साडेआठ इंच चढतो. त्याचा गूळ अदमासें दोनशें किलो होतो, म्हणजे शेवटीं पाक जेमतेम सव्वा इंच खोल राहतो. आतां काहील एका अंगास दोन इंच कललेली असेल, तर वरच्या अंगाचें बूड जवळजवळ उघडें पडतें आणि खालीं जाळ तर चालूच असतो. रस भरलेला असतां हा दोष डोळ्यांस दिसत नाहीं. दिसतो तेव्हां पाक करपलेला असतो.

प्रथम हलविण्याविषयीं. तीन मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा दर चौरस मीटरास साडेतेवीस किलो भरतो. त्या मानानें आठ फुटी काहिलीचें बूड एकशें दहा किलोंचें, आणि दीड फूट उंचीची कड ऐंशींच्या घरांतली. रिव्हेट व कड्या धरून वजन दोनशें किलोंच्या पुढेंच जातें. आठ गडी असले तर दर गड्यास पंचवीस किलो येतात, हें ऐकावयास सोपें वाटतें. पण वाट उंचसखल असली कीं चौघांच्या खांद्यांवरचा भार दोघांवर येतो. म्हणून कड्यांतून बळकट वासे घालून, एकाच माणसाच्या हुकुमानें उचलावें व टेकावें. काहील कडेवर उभी करून चाकासारखी लोटण्याची चाल आहे. आम्हीही तसेंच केलें. ओढ्याच्या चढावर वारा सुटला आणि एवढा रुंद पत्रा वाऱ्यानें फिरला. गडी वेळींच बाजूस झाले म्हणून बरें. कड मात्र एके ठिकाणीं दबली, ती आजही तशीच आहे.

चुलवणाचें तोंड काहिलीच्या बुडाहून चहूंकडून तीनचार बोटें लहान ठेवावें. टेकू याहून फार रुंद केल्यास बुडास जाळ कमी लागतो व चिपाडें फुकट जातात; अरुंद केल्यास भाराखालीं विटा ढळतात. जाळ बुडासच लागावा, कडेस चाटूं नये. रस खालीं गेल्यावर कोरड्या कडेवर चिकटलेली साखर जळते व तीच आधणांत उतरते. बैठकीस सिमेंट वापरूं नये, तें आंचेनें तडकतें. चाळलेल्या चिकणमातींत भुसा मळून तिची गादी करावी, व फटींतून धूर येत असल्यास तीच माती लिंपावी. चिपाडांचा ढीग चुलवणाच्या तोंडापासून दूर, व वाऱ्याच्या झोतांत न येईल असा असावा. ही गोष्ट आम्ही आवर्जून सांगतों, कारण हाताशीं सांपडावीं म्हणून चिपाडें तोंडाशींच रचण्याचा मोह जाळ घालणारास हमखास होतो.

नवें चुलवण ओलें असतां एकदम जाळ घातल्यास भिंतीस भेगा पडतात. दोनतीन दिवस थोडथोडा जाळ द्यावा, आणि तोही काहिलींत पाणी असतांनाच. कोरड्या काहिलीखालीं जाळ घातल्यास बूड वांकडें होतें. याच पाण्यानें बैठकीची परीक्षाही होते. थंड काहिलींत दोन बोटें पाणी ओतून चारी अंगांस काडी उभी करून ओल मोजावी. जेथें ओल कमी भरेल तें अंग वर आहे असें समजावें, व काहील उचलून तेथील माती खरवडावी. दर आधणास काहील कलती करतांना किंवा उतरवितांना गादी दबते, म्हणून ही परीक्षा रोज पहिल्या आधणापूर्वीं घ्यावी. पाव घटकेचेंही काम नव्हे.

लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेनें एकाच जाळावर दोनतीन काहिली चालविणाऱ्या भट्ट्या काढिल्या आहेत. त्यांत जळण वांचतें. पण तेथें एकाऐवजीं तीन बैठकी साधाव्या लागतात, हें लक्षांत ठेवूनच तिकडे वळावें.

आम्हीं दुसऱ्या दिवशीं घाणा बंद ठेवून काहील पुन्हां उतरविली. ओढ्याकडील अंग पावणेदोन इंच खालीं होतें. गुळव्या शेजारीं बसून पाहत होता; तोडलेला ऊस उन्हांत वाळत होता, त्याचा उतारा कमी होणार हेंही दिसत होतें. तरी दुपारीं चारी अंगांस काडी सारखी ओली निघाली, तेव्हांच घाण्यास हात लावला.