अपूर्ण संहिता आणि प्रेक्षकांचा कौल : ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’

रहस्यकथेचा रूपबंध लेखकाच्या पूर्वज्ञानावर उभा असतो. गुन्हेगार कोण हे लेखकाला आरंभीच ठाऊक असते. वाचकाच्या हाती तो एकेक दुवा देत जातो आणि अखेरच्या उलगड्यानंतर मागील तपशिलांना नवा अर्थ प्राप्त होतो. मात्र उलगडा करण्यापूर्वीच लेखक काळाच्या पडद्याआड गेला, तर संहितेवर अधिकार कोणाचा? रूपर्ट होम्स यांच्या ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ या विनोदी संगीत नाटकात या प्रश्नाचे एक मार्मिक उत्तर सापडते.

चार्ल्स डिकन्सची ही अखेरची कादंबरी बारा मासिक भागांत पूर्ण व्हावयाची होती. ९ जून १८७० रोजी त्याचे निधन झाले, तेव्हा सहाच भागांचा मजकूर सिद्ध होता. अफूच्या आहारी गेलेला चर्चमधील गायक जॉन जॅस्पर, त्याचा भाचा एडविन ड्रूड आणि एडविनची वाग्दत्त वधू रोझा बड यांच्याभोवती कथानक फिरते. नाताळच्या पूर्वरात्री, वादळात, एडविन नाहीसा होतो. जॅस्परला रोझाविषयी आसक्ती असल्याने संशयाची सुई त्याच्याकडेच वळते. चरित्रकार जॉन फॉर्स्टर याच्या नोंदीनुसार, मामाने केलेला भाच्याचा खून हेच कथासूत्र डिकन्सने त्याला सांगितले होते. खुनी अखेरीस स्वतःच्या कृत्याकडे ते जणू परक्याचे असावे अशा दृष्टीने पाहतो, यात कादंबरीचे नावीन्य असणार होते. म्हणजे ‘खुनी कोण’ यापेक्षा दुभंगलेले मन स्वतःला कसे ओळखते, हा डिकन्सचा खरा प्रश्न होता.

होम्स यांनी नेमका हा प्रश्न बाजूस सारला. १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम सादर झालेल्या या नाटकाची संहिता, पदे आणि संगीत ही तिन्ही त्यांचीच. नाटकाची योजना ‘नाटकातले नाटक’ अशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका म्युझिक हॉलमधील नटसंच डिकन्सची कादंबरी रंगमंचावर आणीत आहे. ‘चेअरमन’ हा निवेदक प्रेक्षकांशी थेट बोलतो, नटांची ओळख करून देतो, कथेत मध्येच विनोदाची पाचर मारतो. एडविनची भूमिका पुरुषवेषातील नटी करते. ही इंग्रजी पँटोमाइमची रूढी आहे. त्यामुळे प्रेक्षक एकाच वेळी पात्राकडे आणि पात्र वठविणाऱ्या नटाकडे पाहत राहतो.

डिकन्सची लेखणी जेथे थांबली तेथे चेअरमन प्रयोग थांबवितो आणि प्रेक्षकांचा कौल मागतो. वेषांतर करून आलेला गुप्तहेर कोण, खुनी कोण आणि अखेरीस प्रेमी युगुल कोणते, हे त्या त्या रात्री मतदानाने ठरते. संभाव्य खुन्यांपैकी प्रत्येकासाठी कबुलीचे पद तयार ठेवावे लागते. येथे रचनेची खरी कसोटी आहे. कारण एकच दुवा अनेकांना लागू पडला पाहिजे. वादळी रात्री जॅस्पर आपला कोट एडविनला घालावयास देतो. या एका तपशिलामुळे ‘जॅस्पर समजून एडविनला मारले’ हा हेतू एकाहून अधिक पात्रांना उपलब्ध होतो. थडगी खणणारा डर्डल्स निवडला गेला, तर तो एडविनला भूत समजलेला असतो. हेतू जितका क्षुल्लक तितके हसू अधिक.

मराठी अभ्यासकाला येथे संगीत नाटकातील सूत्रधार आठवणे स्वाभाविक आहे. परंतु भेद महत्त्वाचा आहे. सूत्रधार नाटककाराच्या वतीने बोलतो. चेअरमन नाटककाराच्या अनुपस्थितीची वाच्यता करतो आणि त्याचा अधिकार सभागृहात वाटून टाकतो. या विनोदाला एक पूर्वपरंपराही आहे. १९१४ साली लंडनमध्ये जॅस्परवर लुटुपुटीचा खटला चालविण्यात आला. चेस्टरटन न्यायाधीश आणि बर्नार्ड शॉ पंचप्रमुख होते. तोही गमतीचाच प्रकार. तथापि तेथे निदान पुराव्यावर वाद झाला. नाटकातील मतदाराला पुराव्याचे बंधन नाही. तो आवडत्या नटास अथवा ज्याच्यावर आळ येणे अधिक गमतीचे ठरेल अशा पात्रास मत देऊ शकतो.

मग हा कौल म्हणजे वाचकस्वातंत्र्याचा विजय मानावा काय? तसे म्हणणे घाईचे ठरेल. प्रेक्षक कोणासही खुनी ठरवो, शेवटी एडविन जिवंत परततो. हा शेवट मतदानाला खुला नाही. प्रेक्षकाला दिलेले स्वातंत्र्य नाटककाराने आखलेल्या चौकटीतलेच असते. शिवाय या व्यवहारात जॅस्परच्या अंतर्मनाचा काळोख हरवतो, ही हानी लहान नव्हे. १९८६ साली सर्वोत्कृष्ट संगीत नाटकासह पाच टोनी पुरस्कार मिळविणाऱ्या या कृतीने डिकन्सची कादंबरी पूर्ण केली, असे म्हणता येणार नाही. पूर्णतेची ओढ ही संहितेची नसून वाचकाची असते, हे मात्र तिने हसतखेळत सिद्ध केले.